आठव्याच्या आधी सातवं

४ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, लेकीचं आहे. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच कुठेतरी खुपसून ठेवशील अशी धास्ती वाटली, म्हणून पत्ता तिच्याकडून लिहून घेतला. ही लबाडी आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

बातमी अशी की आपला सिनेमा सापडला. बंद पडलेल्या एका थिएटरची इमारत पाडायला घेतली, तेव्हा तळघरात मोडक्या खुर्च्यांखाली बाराच्या बारा डबे निघाले. मूळ निगेटिव्ह केव्हाच खराब झाली, तेव्हा जगात एवढीच एक प्रत आहे म्हणतात. सिनेमा-संग्रहालयातली एक मुलगी घरी आली होती. मुलगी कसली, तिशी उलटलेली बाई आहे, पण माझ्या वयाला आता सगळ्या मुलीच दिसतात. तिच्या कागदावर तीन नावं एकाखाली एक होती. दिग्दर्शक तू, संकलक हे, आणि सगळ्यात खाली निगेटिव्ह कापणारी मी. मी म्हटलं, "वरचा माझा भाऊ, मधला माझा नवरा." तर टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे घरचाच सिनेमा!" घरच्यांनी अडतीस वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार. मीही सांगितलं नाही.

एक मेला ते लोक विसरलेल्या सिनेमांचा आठवडा करणार आहेत, आणि सुरुवात आपल्या सिनेमानं. तुलाही त्यांचं पत्र येईल. हे फार खूश आहेत. नवा चष्मा करून घेतलाय, जणू पडद्यावर हेच दिसणार आहेत.

एक विचारायचं होतं. तुझ्याकडे पटकथेची जुनी प्रत आहे का रे? असली तर सातव्या-आठव्या रिळाचं तेवढं पाहून कळव. सहजच विचारते. घाई नाही.

पण लवकर कळव.

तुझी धाकटी


१९ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालते. दुसरं काही धरून चाललं तर माझ्याच्यानं पुढे लिहवणार नाही.

गेले आठ दिवस मी संग्रहालयात जाते आहे. त्या मुलीनं विनवलं, "मावशी, जुनी फिल्म हाताळणारं माणूस आमच्याकडे नाही, तुम्ही याल?" बासष्टाव्या वर्षी कुणी कामाला बोलावतंय म्हटल्यावर मी पदर खोचून तयार. थंडगार खोली, मोठं पांढरं टेबल, खालून दिवा. डबा उघडला की आंबूस वास नाकात जातो आणि डोळे चुरचुरतात. कडा फाटल्यात, जुने सांधे सुटलेत. ते मी बसून नीट करते. हात अजून थरथरत नाहीत हे बघून मलाच नवल वाटलं.

सातवा डबा मात्र दोनदा उघडून झाकला, तिसऱ्यांदा हात घातला.

मंगळवारी सगळा सिनेमा लहान पडद्यावर लावून पाहिला. हेही आले होते. तुला आठवतंच आहे, तरी लिहिते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. सहाव्या रिळाच्या शेवटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची बायको लहान मुलीला मागे ठेवून घर सोडून जाते. आणि लगेच दार उघडतं, ती दारात उभी, मुलगी वर बघून विचारते, "कोण हवंय?" त्यानंतर तिचं वर्षभराचं भटकणं, खोल्या, नोकऱ्या, आजारपण, आणि शेवटी तिचा हात त्याच दाराच्या मुठीवर. की पुढे एकदम ती घरात पाहुण्यासारखी बसलेली. ही मुलगी तर खुर्चीतच उड्या मारत होती. म्हणाली, "मुलगी ओळखणार नाही ही भीती आधी दाखवली आणि प्रवास नंतर! सर, त्या काळात हे धाडस कुणी केलं होतं? हे तुमचं डोकं की दिग्दर्शकांचं?"

हे पडद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. "अगं, इथे काहीतरी..." एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्हाला तेव्हा ताप होता."

ह्यांनी मान डोलावली. नेहमी डोलावतात तशीच. घरी येताना वाटेत म्हणाले, "धाडस म्हणाली ती. ऐकलंस ना?" मी म्हटलं, ऐकलं.

दादा, मागच्या पत्रात सहजच विचारते असं लिहिलं होतं, ते तितकंसं खरं नव्हतं. ती दोन रिळं उलटसुलट लागली असावीत असं मला वाटतं. चूक कुणाचीही असू शकते. लॅबमध्ये तेव्हा सगळीच पळापळ होती. तू पटकथा बघून कळवलंस तर आपसूक निकाल लागेल आणि कुणाला कुणाचं नाव घ्यावं लागणार नाही.

तुझी धाकटी


२८ मार्च

दादा,

मागच्या पत्रातलं "कुणाचीही" खोडून वाच. चूक माझी आहे.

आता थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही, म्हणून एका दमात लिहिते. शुद्धलेखन बघू नकोस.

प्रत्येक रिळाच्या तोंडाशी कोरी पट्टी जोडायची आणि तिच्यावर शाईनं रिळाचा आकडा घालायचा, हे माझं काम. छापणारा तो आकडा बघून क्रम लावतो, आत काय आहे हे तो बघत नाही. मी बाराही पट्ट्या आधी लिहून दोरीला चिमट्यांनी वाळत घालायची. चित्राची आणि आवाजाची एकाच चिमट्यात, म्हणजे त्यांची ताटातूट नको. मग एकेक रीळ टेबलावर घ्यायचं आणि दोरीवरची पुढची पट्टी ओढायची. आम्ही कुणीच आकडा वाचत नसू. पुढची पट्टी म्हणजे पुढचा आकडा, हात आपला चालतोय. त्या दिवशी सातव्याची शाई पसरली होती. पुसून पुन्हा लिहिली, ती ओली होती, म्हणून तेवढी सोडून पुढची ओढली. ती आठव्याची. सातवं रीळ आठवं झालं. मग टेबलावर आठवं आलं, तोवर ती ओली पट्टी वाळली होती.

मी का वाचलं नाही? कारण साडेतीन वाजले होते आणि इस्पितळात भेटायची वेळ चार ते पाच होती. ह्यांना आदल्या दिवशीच टायफॉइडनं भरती केलं होतं. तू समजत होतास की आमचं जुळलं ते सिनेमा पडल्यानंतर, ह्यांची कीव येऊन. नाही रे. आधीच जुळलं होतं. तुझ्या नाकाखाली, तुझ्याच संकलनाच्या खोलीत. हेही तुला आजच कळतंय, तेव्हा एकाच वेळी काय ते रागावून घे.

सिनेमा लागला तेव्हा तू दीड महिना आधीच परदेशी नोकरीवर रुजू झाला होतास आणि हे इस्पितळात होते. क्रम ठाऊक असलेलं थिएटरात एकच माणूस होतं, आणि ते मी. पहिल्याच खेळाला दार आधी उघडलं आणि मी काय केलंय ते मला कळलं. मध्यंतरात जिना चढून मशीनच्या खोलीपर्यंत गेले. दोन डबे अदलाबदल कर म्हणायचं, आणि लॅबला सांगून बाकीच्या गावांना तारा करायच्या. पाच मिनिटांचं काम. ऑपरेटरनं विचारलं, "काय हवंय, बाई?" मी म्हटलं, "खाली फार उकडतंय, पंखे लावा." आणि खाली आले.

नोकरी नवी होती, मुदतीवर होती. लॅबमध्ये मी एकटीच बाई, त्यातून दिग्दर्शकाची बहीण. वशिल्याची म्हणून टपलेलेच होते. पण हे सगळं मी नंतर जुळवलेलं आहे. तेव्हा फक्त भ्याले. पाच दिवसांत सिनेमा उतरला.

इथपर्यंतची चूक आहे दादा. चूक माणसाकडून होते. पुढचं चुकीत बसत नाही.

परीक्षणं वाचून तू लिहिलेलं ते जळजळीत पत्र ह्यांना आलं, "माझा सिनेमा उलटा करून टाकलास". तेव्हा हे नुकते घरी आले होते, काठी धरून चालत होते. मला म्हणाले, "कापलंस तू, तुला आठवत असेल. मी सातवं आधीच ठेवलं होतं ना? बाहेरून हात मुठीवर पडतो, आतून मूठ फिरते, असा सांधा मी केला होता. मला तो डोळ्यांसमोर दिसतो." मी म्हटलं, "नाही. तुम्ही ऐन वेळी बदललंत. अंगात ताप होता, तुम्हाला आठवत नाही."

हे मी एकदा म्हटलं नाही. दर एक-दोन वर्षांनी हे कधीतरी तो सांधा काढायचे आणि मी तेच म्हणायची. अडतीस वर्षं.

त्या दिवसापासून ह्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. मोठा सिनेमा पुन्हा हातात घेतला नाही. सरकारी खात्यात शिकवणीचे लघुपट जोडत बसले, आधी हात धुवा, मग जखम धुवा, क्रम कागदावर लिहून आलेला. घरातही तेच. कुलूप लावलं का गं? गॅस बंद केला का गं? मी औषध घेतलं का गं? सगळे म्हणतात, काय जोडी आहे, बायकोला विचारल्याशिवाय पाणी पीत नाहीत. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हे पत्र वाचून फाडून टाक.

धाकटी


६ एप्रिल

दादा,

नऊ दिवस झाले. पोस्टमन दिसला की मी गॅलरीत जाते आणि तो वर बघायच्या आत परत आत येते. तू सरळ ह्यांनाच लिहिलं असशील तर? संग्रहालयाला कळवलं असशील तर? फाडून टाक म्हटलं होतं, टाकलंस ना?

इकडे माहितीपुस्तिका छापून आली. अर्धं पान ह्यांच्यावर आहे. "काळाच्या पुढचा संकलक." हे ती पुस्तिका उशाशी ठेवतात. भाषणही लिहिलंय, मला वाचून दाखवतात, "तापात कधी कधी माणसाकडून धाडस घडतं." आयुष्यभर ज्याची लाज वाटली त्याबद्दल आता टाळ्या मिळणार आहेत. मग मी गप्प बसले तर बिघडलं कुठे? सांग ना. दोष गेला आणि वर कौतुक पदरात पडलं. खरं सांगितलं तर दोष जाईल हे खरं, पण कौतुकही जाईल, आणि ह्यांच्या हाती उरेल ते काय? खोटारडी बायको.

आणखी एक सांगते. काल टेबलापाशी एकटीच होते. आठव्या डब्यातलं रीळ समोर, त्याच्या तोंडाशी माझ्याच हातचा आकडा. मूळ पट्टीवरून प्रतीवर उतरलेला, तिरका, तेवीस वर्षांच्या पोरीचा. कात्री होती, चिकटपट्टी होती. दोन आकडे बदलले असते आणि "अहो, डबेच चुकून बदलले होते" म्हणून हात झटकून मोकळी झाले असते. कात्री उचललीसुद्धा. पण मग ही चूक कुणा थिएटरातल्या परक्या माणसाच्या नावावर गेली असती, आणि मी दुसऱ्यांदा तेच केलं असतं. ठेवली खाली.

आणि आता सगळ्यात अवघड. मी दोन्ही क्रम टेबलावर फिरवून पाहिले. तुझ्या क्रमानं सिनेमा साधा आहे, दादा. ती जाते, भटकते, परत येते, मुलगी ओळखत नाही. बस. चुकलेल्या क्रमानं तो जरा चमकतो. तुझा सिनेमा माझ्या चुकीमुळे पडला, आणि आता माझ्या चुकीमुळेच वर येतोय, असं झालंय. मला काही सुचत नाही. शिव्या दे, पण दोन ओळी लिही.

धाकटी


१५ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं. अडतीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच, र ची शेपटी खालच्या ओळीत घुसणारी. आणि मजकूर काय तर, "पत्रं मिळाली. कात्र्याला सांगितलंस का? आधी त्याला, मग मला."

एवढंच? मी चार पानं काळीज काढून लिहिलं आणि तू मला हेडमास्तरसारखं वर्गाबाहेर उभं केलंस. दिवसभर तुझ्यावर धुमसत होते. संध्याकाळी लक्षात आलं की ह्यांना "कात्र्या" म्हणालास. ते नाव घेणारं दुसरं कुणी उरलं नाही.

सांगितलं. काल.

सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. एकदा चहात साखर आहे का असं विचारलं, एकदा नळवाल्याला कधी बोलवायचं, आणि तिसऱ्यांदा हेच म्हणाले, "काय गं, बरं नाही का तुला?" दुपारी हे खिडकीपाशी बसून बूट चकाकवत होते, त्या समारंभासाठी. मी समोर जमिनीवरच बसले आणि म्हटलं, "सातवं रीळ आधीच होतं. तुम्ही बरोबर लावलं होतं. पट्टी मी चुकवली. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

ह्यांनी बूट खाली ठेवला. मला वाटलं ओरडतील. नाही. विचारलं, "सांधा होता?"

"होता."

"बाहेरून हात, आतून मूठ?"

"हो."

तर हसले, दादा. खो-खो हसले, लहान मुलासारखे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही वेड्यासारखी हसायला लागले, म्हटलं, सुटले. मग ते थांबले. म्हणाले, "म्हणजे कुलूपं मी लावतच होतो."

मी बुटाचं फडकं उचलून त्याची घडी घालायला लागले.

"दर वेळी तू मला परत पाठवायचीस बघायला. मी जिना उतरून बघून यायचो. लावलेलंच असायचं." हे सगळं अगदी हळू आवाजात. "मला वाटायचं, म्हातारपणी मला काहीच आठवणार नाही. तुझं नावसुद्धा. मी त्याची तयारी करत होतो, तुला ठाऊक आहे? चिठ्ठ्या लिहून ठेवायचो."

ते उठले आणि पिशवी भरली. सदरे, औषधं, चष्म्याचं घर, सगळं बरोबर आपापल्या जागेवरून काढलं, एकदाही मला विचारलं नाही. लेकीकडे चाललो म्हणाले. मी विचारलं, परत कधी येणार? ह्यांनी दार ओढून घेतलं.

सांगितलं, दादा. आता तुला सांगून तरी काय उपयोग, ते मला कळत नाही.

धाकटी


२४ एप्रिल

दादा,

लेकीनं फोनवर सांगितलं, "बाबा जेवतात, फिरायला जातात, तुझ्याबद्दल बोलत नाहीत. आणि आई, मीही अजून तुझ्याशी बोलायच्या मनःस्थितीत नाही." तरी रोज फोन करते बिचारी, न बोलण्यासाठी.

घरात माझी पार दैना आहे. रोज एकच विचार, की ह्यांना खरंच विसरायला झालं आणि शेवटी आठवणीत राहिली ती हीच गोष्ट, तर? दुसरी एक धास्ती त्याहून वाईट. ते सत्तर पार आहेत, छाती अधूनमधून दुखते. राग मनात ठेवूनच काही झालं तर?

परवा संग्रहालयात बैठक होती. तू त्यांना लिहिलंस की क्रम संकलक ठरवेल, आणि हे तिथे आले. मी आधीच बसले होते. मला नमस्कार केला, दादा! हात जोडून, परक्या बाईला करतात तसा.

मी त्या मुलीला सगळं सांगितलं. ती बिचारी रडवेली झाली. आधी पुस्तिकेसाठी, मग स्वतःसाठी, कारण तिनं क्रमाच्या त्या उलटापालटीवर मोठा लेख लिहून पाठवलाय. म्हणाली, "मावशी, पण लोकांना हेच आवडलंय. आहे तसंच राहू द्या ना. नाहीतरी कोण विचारणार आहे?" मला तर ते ऐकताना माझाच आवाज ऐकू आला.

ह्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कापणीची वही आहे?"

आहे. फिल्मच्या कडेला बारीक आकडे असतात, कुठला तुकडा कुठल्यानंतर आला ते त्या आकड्यांवरून मी उतरून ठेवायची. ती वही मी अडतीस वर्षं ट्रंकेत तळाशी ठेवली होती, फेकायचाही धीर झाला नव्हता. पिशवीतून काढून पुढे सरकवली. ह्यांनी नवा चष्मा लावला आणि सातव्या-आठव्या रिळाचा एकेक आकडा पडताळून पाहिला. दीड तास. मी सांगितलंय म्हणून विश्वास नाही ठेवला, स्वतः पाहिलं. बरोबरच केलं. शेवटी बोट एका ओळीवर ठेवून म्हणाले, "हा."

मुलगी म्हणाली, "सर, पण ह्या क्रमानं सिनेमा जरा साधा होतो."

"साधाच आहे," हे म्हणाले. "साधाच करायचा होता आम्हाला."

उठताना मी म्हटलं, "लोकांसमोर खुलासा मी करते. माझं मीच सांगते." ह्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. रोज पाठ करते आहे. चार वाक्यं आहेत, आणि तिसऱ्यावर येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

धाकटी


२ मे

दादा,

झालं एकदाचं.

साठ-सत्तर माणसं असतील. निम्मी तरुण, वह्या घेऊन आलेली. त्या मुलीनं पुस्तिकेत दुरुस्तीचा कागद घालून वाटला होता, आणि मग मला बोलावलं. कठडा धरून पाच पायऱ्या चढले. चार वाक्यं म्हटली. पट्टी मी चुकवली. पहिल्याच खेळाला मला कळलं. मी बोलले नाही. संकलकानं बरोबर लावलं होतं, आणि मी अडतीस वर्षं त्यांना सांगत राहिले की तुम्हाला आठवत नाही. तिसरं नीट म्हटलं, चौथं मात्र दोनदा म्हणावं लागलं. कुणीतरी मागून विचारलं, "पण मग त्या दिवशी तुम्ही वर जाऊन ऑपरेटरला सांगितलं का नाहीत?" मी म्हटलं, "गेले होते. पंखे लावा म्हणून सांगून आले." सगळे हसले. मी खाली उतरले तेव्हाही काही जण हसतच होते. मला नाही हसू आलं.

हे पहिल्या रांगेत, लेकीशेजारी. मी शेवटच्या रांगेत, दारापाशी, म्हणजे घेरी आली तर बाहेर पडता यावं.

सातव्या रिळात मी पडदा पाहिलाच नाही, ह्यांचं डोकं पाहत होते. तिचा हात मुठीवर पडला. ह्यांचं डोकं जरा पुढे आलं. आतून मूठ फिरली, दार उघडलं, मुलीनं विचारलं, "कोण हवंय?" तुझा सिनेमा पहिल्यांदाच तुझा झाला, दादा, आणि थिएटरात एक बाई मोठ्यानं हुंदका देऊन रडली. मी नव्हे, कुणी दुसरीच. हे हलले नाहीत. फक्त हात वर करून मान चोळली, टेबलावर दिवसभर काम केल्यावर चोळायचे तशी.

तुला खरं सांगायचं तर लोक वेडे झाले नाहीत. टाळ्या वाजल्या, बऱ्यापैकी वाजल्या. बाहेर एक जण दुसऱ्याला म्हणाला, आधीचा क्रम जास्त भारी होता. तेही ऐकलं. सिनेमा चांगला आहे, फार मोठा नाही, आणि ती दारात उभी राहते ते दृश्य फार खरं आहे. इतकं मला कळतं.

बाहेर मी त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, "घरी याल?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ पाहिलं, आणि लेकीला म्हणाले, "चल, उशीर होतोय." गेले.

तू आधी त्याला सांग म्हणालास, सांगितलं. लोकांना सांगितलं. आता सांगायचं काही उरलं नाही आणि करायचंही काही सुचत नाही. घरात बसून जिन्यावरचे पाय ऐकते. सगळे दुसऱ्यांचे.

तुझी धाकटी


३ मे, लेकीच्या घरून

लेका,

पत्ता लेकीकडून घेतला. तुला माझं अक्षर ओळखू येणार नाही, चष्मा लावूनही वाकडंच येतं.

सांधा पाहिला. तुझ्या बहिणीनं लिहिलं असेलच की मी हललो नाही वगैरे. मी मोजत होतो. मुठीवर हात पडल्यावर दोन फ्रेम जास्त राहिल्यात. दोनच, पण आहेत. ताप नसता तर काढल्या असत्या. अडतीस वर्षं वाटत होतं की मी तो सांधा केलाच नाही, आणि केला तो असा. परवापासून मनाला लागून राहिलंय, आणि फार बरं वाटतंय. ते तुलाच कळेल म्हणून तुला लिहितो.

तुझं ते जुनं पत्र मी फाडलेलं नाही. फाडणारही नाही. माफीबिफी लिहून पाठवू नकोस, तुला ते नीट जमणार नाही. यायचं तर ये, त्या दोन फ्रेमवर भांडू.

तिचं म्हणशील, तर त्या पाच पायऱ्या ती चढत होती तेव्हा मी उठून हात देणार होतो. दिला नाही. ती पडली असती तर मला सोसलं नसतं, आणि तरी दिला नाही. असं आहे सगळं. लेक म्हणते, बाबा, फोन तरी करा, ती तिथे जीव टांगून बसली असेल. असेल. मला ठाऊक आहे कशी बसली असेल ती, कुठल्या खुर्चीत ते.

उद्या सकाळी घरी जाणार आहे. तिला कळवलेलं नाही. तिनं मला अडतीस वर्षं टांगून ठेवलं, तिला आणखी एक दिवस राहू दे. राग गेलेला नाही. तो बरोबर घेऊनच जातोय.

कात्र्या